पूर ओसरल्यावर लागणारे हात

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की वाटेत बोरी अरब लागते. गावाच्या अंगाने अडाण नदी वाहते. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून ढोरे आरामात पलीकडे जातात. पण वरच्या अंगाला, कारंज्याकडे, रात्रभर पाऊस झाला की सकाळी पुलाजवळ माणसे जमतात आणि पाणी कुठवर चढले ते बघत उभी राहतात. या भागातल्या माणसाला पूर समजावून सांगावा लागत नाही. वावरात शिरलेले पाणी, खरडून गेलेली काळी माती, भिजलेले कुटार, ओल धरून महिन्याभराने ढासळलेली मातीची भिंत हे सगळे त्याने पाहिलेले असते. म्हणूनच राज्यात कुठे आपत्ती आली की अशा गावांतून लगेच हालचाल सुरू होते. पोरे चौकात जमतात, घरोघरून गहू-तांदूळ गोळा होतो, कपड्यांची गाठोडी बांधली जातात, कोणीतरी आपली गाडी देतो आणि जथा निघतो.

असे जथे निघताना मी अनेकदा पाहिले, एकदोनदा त्यांच्यासोबत गेलोही. निघतानाचा उत्साह खरा असतो, त्यात खोट काढण्यासारखे काही नसते. पण तिथे पोचल्यावर जे दिसते त्याने माणूस विचारात पडतो. आपण कधी जावे? काय काम करावे? काय करू नये? चाळीस माणसांच्या प्रवासाला जो खर्च येतो, तो सरळ त्या गावाला पाठवून दिला तर जास्त भले होईल का? हे प्रश्न टाळून चालणार नाही.

उत्तरे शोधायला आपल्याकडे अनुभव भरपूर आहे. १९६१ चे पानशेत, १९६७ चे कोयनानगर, १९९३ चे किल्लारी, २०१४ चे माळीण, २०१९ चे कोल्हापूर-सांगली, २०२१ चे चिपळूण आणि तळीये, २०२३ ची इर्शाळवाडी. आपल्या विदर्भातही ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेच्या वर बळी घेतले आणि ते गाव नव्याने वसवावे लागले. हा सगळा अनुभव एका ठिकाणी मांडला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बाहेरून येणाऱ्या हातांची सर्वांत जास्त गरज वर्तमानपत्रातली बातमी आत सरकल्यावर लागते, आणि नेमके तेव्हाच ते हात आपापल्या घरी परतलेले असतात.

आधी खराटा

श्रमदान हा शब्द आपल्याकडे कुठल्या परदेशी संस्थेने आणलेला नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे; गाव झाडून झाले की मग रात्री कीर्तन. कष्ट केल्याशिवाय भाकर घ्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावसफाई आणि सामुदायिक श्रम यांना प्रार्थनेच्या जोडीला बसवले. बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. शहरातली हजारो मुले पहिल्यांदा कुदळ हातात धरायला तिथेच शिकली. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने हीच रीत पुन्हा जागवली. तीन तालुक्यांपासून सुरू झालेली स्पर्धा पंच्याहत्तरच्या वर तालुक्यांत पोचली आणि एक मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईची माणसे माळरानावर समतल चर खोदायला आली.

आपत्तीनंतर दुसऱ्या मुलखात जाऊन घरे बांधण्याची कल्पना जगातही शंभरेक वर्षांचीच आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी काही देशांतली मोजकी माणसे घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दुनजवळचे एक उद्ध्वस्त गाव उभारायला घेतले. त्यांच्या तुकडीत जर्मनही होते. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशाची माणसे गावात राहणे लोकांना पटले नाही आणि काही महिन्यांत काम थांबवावे लागले. हेतू कितीही चांगला असला तरी गाव तुम्हाला ठेवून घ्यायला तयार आहे का, हे आधी विचारायला हवे, हा धडा त्या पहिल्याच छावणीने दिला. हेच सेरेसोल १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आले. राजेंद्रप्रसाद तेव्हा बिहारमधले मदतकार्य सांभाळत होते. सेरेसोल आणि त्यांचे थोडे सहकारी मुझफ्फरपूरच्या बाजूला १९३७ पर्यंत गावकऱ्यांबरोबर घरे बांधत राहिले. चार दिवसांत काम आटोपून ते मोकळे झाले नाहीत.

किल्लारी: आपली मोठी शाळा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची बावन्न गावे भुईसपाट झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव ही नावे त्या दिवसानंतर महाराष्ट्राच्या तोंडी बसली.

भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने मध्यमच होती. माणसे मेली ती घरांखाली. त्या भागात दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर रचलेल्या मातीचे जड छप्पर, अशी घरे होती. भिंत बाहेरून एकसंध दिसायची; प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर आणि मध्ये डबर-माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड अनेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले, भिंत पोटातून फुगली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

पहिल्या काही दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक आले. लष्कर, पोलीस, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची जनकल्याण समिती, राष्ट्र सेवा दल, ज्ञान प्रबोधिनी, महाविद्यालयांची पथके, गणेश मंडळांचे कार्यकर्ते. ढिगाऱ्याखालून प्रेते काढणे आणि त्यांना अग्नी देणे हे काम ज्यांनी केले, त्यांचे ऋण कोणी फेडू शकणार नाही. पण त्याच दिवसांत बघ्यांचीही रीघ लागली. रस्ते गाड्यांनी भरले, खरी मदत घेऊन येणारे ट्रक अडकून पडले. जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत राहिले. ही दोन्ही चित्रे किल्लारीचीच आहेत.

आढावा घ्यायचा तर पुढच्या दहा वर्षांचा घ्यावा लागतो, कारण कोण टिकले ते तिथे दिसते. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या साथींनी पोरक्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. ज्ञान प्रबोधिनीची माणसे मदतीला म्हणून हराळीला गेली आणि तिथेच राहिली; अण्णा ताम्हनकरांसारखा माणूस त्या माळावर आयुष्य घालवायला गेला आणि निवासी शाळा, शेती, प्रशिक्षण असे काम त्यातून वाढले. या संस्थांना आज त्या भागात कोणी ‘मदत करणारे’ म्हणत नाही, कारण त्या गावच्याच झाल्या आहेत.

पुनर्वसनाचे सरकारी काम जागतिक बँकेच्या कर्जातून झाले आणि ते भारतातल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक होते. बावन्न गावे दुसऱ्या जागी हलवली. जमीन किती त्यावरून २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. अनेक गावे देणगीदारांनी दत्तक घेतली. हे सगळे दोनचार वर्षांत उभे राहिले, ही मोठीच गोष्ट आहे. पण घरे बांधताना ज्यांना तिथे राहायचे होते त्यांना फारसे विचारले गेले नाही. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांची रांग आली. भावकीची गल्ली, समाईक अंगण, बैल बांधायची जागा, धान्य साठवायची कणगी यांना त्या आराखड्यात जागा मिळाली नाही. गुबाळ गावात घुमटाच्या आकाराची घरे बांधली गेली. गोल भिंतीला कपाट लागत नाही, देवघर टेकत नाही, पुढे खण वाढवायची सोय राहत नाही. बांधणाऱ्यांनी मनापासून बांधले होते. पण त्या घरात सकाळ-संध्याकाळ चूल पेटवणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते.

याउलट, जी घरे पडली नव्हती पण कमकुवत झाली होती त्यांच्या दुरुस्तीचे काम फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे त्यात होती. इथे सरकारने पैसे आणि साहित्य दिले आणि काम घरमालकाने करून घ्यायचे ठरले. गावोगावच्या गवंड्यांना शिकवण्यात आले. जुन्या जाड भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई सरकवायची, काँक्रीट ठासून भरायचे आणि त्यावर किमान दहा दिवस पाणी मारायचे. आतला थर बाहेरच्या थराला असा टाचला गेला की भिंत पोटातून फुगत नाही. काम दिसायला एवढेसे, पण पुढच्या हादऱ्यात घरातली माणसे वाचवणारे. स्वयंसेवकांना जर कुठे हात लावायचा असेल तर तो अशा कामाला. भोक गवंडी पाडेल. घमेले उचलायला, रेती चाळायला आणि रोज न चुकता पाणी मारायला माणसे लागतात.

लातूरच्या बायका कच्छला गेल्या

या दुरुस्तीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांत महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सरकारचा नियम गावाला समजावून सांगायचा आणि गावाची अडचण कार्यालयात पोचवायची, हे त्यांचे काम. ज्या बाया कधी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढल्या नव्हत्या, त्या सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागू लागल्या.

२६ जानेवारी २००१ ला भूज हादरले. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका कच्छला गेल्या. त्यांच्याजवळ द्यायला पैसा नव्हता आणि गुजरातीही येत नव्हती. पण तंबूत बसलेल्या बाईशेजारी त्या जाऊन बसल्या आणि आपले घर कसे पडले, पुढे काय केले, कोणत्या कागदाला जपायचे, कोणत्या चुका आम्ही केल्या, ते सांगितले. ऐकणारीला समोर एक जिवंत माणूस दिसत होता, जो याच दुःखातून गेला होता आणि उभा होता. पुढे २००४ च्या त्सुनामीनंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या बायका तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या.

स्वयंसेवेच्या सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मदत घेणारा काही वर्षांनी मदत करणारा झाला, आणि त्याची मदत इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडली. मोवाडचा माणूस, महागावच्या पुरात रात्र काढलेला माणूस, अडाणेच्या काठचा माणूस, यांच्याजवळ देण्यासारखे हेच आहे.

कच्छमध्ये किल्लारीची आणखी एक चूक टळली. तिथल्या बहुसंख्य कुटुंबांनी तयार घर घेण्याऐवजी टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे घेऊन स्वतः घर बांधायचे ठरवले. पायाची पाहणी झाली की पुढचा हप्ता, लिंटेलपर्यंत आले की त्याच्या पुढचा. अभियंते, संस्था, स्वयंसेवक सल्ला द्यायला होते. घर मात्र मालकाच्या मर्जीने उभे राहिले. त्यानंतर जगभर या पद्धतीचा दाखला दिला जातो.

चिखलाचे काम

भूकंप क्वचित होतो, पूर दरवर्षी कुठे ना कुठे येतो. त्यामुळे आपल्याकडच्या जथ्याला बहुतेक वेळा चिखलच उपसायचा असतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरले. दुकानांत, घरांत, दवाखान्यांत मागे राहिला तो गुडघाभर गाळ. पश्चिम महाराष्ट्रातून, मुंबईहून, गोव्याकडून मुलांची पथके आली आणि फावडी-घमेली घेऊन भिडली. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, शिरोळच्या गावांत हेच झाले.

हे काम बाहेरून सोपे दिसते. जवळून पाहिले तर त्याला क्रम आहे आणि तो चुकला की नुकसान होते. घरात शिरल्याबरोबर फावडे लावायचे नाही. आधी मेनस्विच बंद आहे ना ते पाहायचे. मग घरमालकाला विचारून प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसह, फोटो काढायचा. तलाठी आणि ग्रामसेवकाचा पंचनामा झालेला नसेल तर हाच फोटो त्या कुटुंबाचा पुरावा असतो. उत्साहाच्या भरात पंचनाम्याआधी घर लख्ख करून देणाऱ्या पथकाने त्या घराची नुकसानभरपाई धोक्यात आणलेली असते.

त्यानंतर कागद. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, पोरांच्या टीसी आणि गुणपत्रिका. ओले कागद ओढून सोडवायचे नाहीत, एकेक सावलीत पसरायचे. मग भिजलेले धान्य. फुगलेली तूर, आंबलेले गहू यांचा वास दोन दिवसांत असह्य होतो आणि ते धान्य घरातल्या बाईला स्वतः बाहेर टाकवत नाही, कारण ते वर्षाचे पोट असते. ते काम परक्या हातांनी केले तर तिचा जीव थोडा हलका होतो. गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. आतल्या खोलीतून दाराकडे, वरून खाली. घमेल्यांची रांग लावली तर दहा माणसे पंचवीस जणांचे काम करतात. गाळ नालीत टाकायचा नाही, नाहीतर पुढच्या पावसात तेच घर पुन्हा बुडेल. मातीच्या भिंतीवर पाण्याचा फवारा मारायचा नाही. ओल उतरायला वेळ द्यायचा. सगळ्यांत शेवटी विहीर. ती उपसायची, टीसीएल पावडर टाकायची आणि आरोग्य खात्याने पाणी तपासून होकार दिल्यावरच प्यायला घ्यायची.

एवढे करणाऱ्याने स्वतःलाही जपायचे असते. गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताचे इंजेक्शन. पुराच्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये आणि जाण्याआधी डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे. पथकातली माणसे आजारी पडली तर गावाचा दवाखाना त्यांनाच सांभाळत बसतो.

जिथे आपण जाऊ नये

काही वेळा न जाणे हीच मदत असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत. पहिल्यांदा वर पोचले ते डोंगर माहीत असलेले स्थानिक तरुण आणि खोपोली-कर्जतकडचे गिर्यारोहक. नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी त्या चढावरच हृदयविकाराने गेले. प्रशिक्षित माणसाची ही गत होते, तिथे सवय नसलेल्या पन्नास जणांनी जाऊन काय होणार? शोध आणि बचाव हे एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि सरावलेल्या पथकांचे काम आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेही दोन प्रसंग विसरू नयेत. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर, पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एसटी वाहून गेली आणि माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्यांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. मदतीला निघालेली गाडीही गाडीच असते. पुलावरून पाणी जात असेल तर तिनेही थांबले पाहिजे.

माळीणने वेगळा धडा दिला. ३० जुलै २०१४ ला गाव गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. जवळच आमडे इथे नवे गाव बांधून २०१७ मध्ये ताब्यात दिले आणि पहिल्याच पावसात रस्ते खचले, काही ठिकाणी तडे गेले. घर बांधून झाले म्हणजे पुनर्वसन संपले असे नसते. एखाद्या पथकाने फक्त पहिल्या पावसाळ्यात जाऊन, कुठे पाणी मुरते, कुठे भराव बसतो याची नोंद गावकऱ्यांबरोबर केली तरी ते मोठे काम होईल.

मदतीचे ओझे

एकदा आम्ही कपड्यांनी भरलेली गाडी घेऊन एका पूरग्रस्त गावात पोचलो. गाव कोणते ते सांगायची गरज नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात आधीच कपड्यांचा डोंगर होता. त्यात फाटके कपडे होते, लग्नातले कोट होते, उंच टाचांच्या चपला होत्या. गावातल्या एका आजीने आम्हाला पाणी दिले आणि म्हणाली, “बाबा, कपडे पुष्कळ आले. झोपायला कोरडं काही नाही आणि चूल पेटवायला लाकूड नाही.” आमची गाठोडी तशीच उतरवून आम्ही परत आलो. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय काही नेत नाही.

असा अनुभव सगळीकडे येतो. त्सुनामीनंतर तमिळनाडूत निरुपयोगी कपड्यांचे ढीग इतके साचले की त्यांची व्यवस्था हेच एक काम होऊन बसले. ‘गूंज’ या संस्थेने त्यातून पुढे कापडाच्या उपयोगी वस्तू बनवल्या. याच संस्थेची रीत अशी की गावाने रस्ता, विहीर, बांध असे आपले काम करायचे आणि त्याचा मान म्हणून वस्तू घ्यायच्या. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मदतीच्या रांगेत उभे राहिलेल्याचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांनी हा मुद्दा मनात ठेवावा. घर गेले तरी माणसाची अब्रू शाबूत असते. निदान आपल्या हाताने तरी ती जाऊ नये.

आणखी एक नुकसान सहसा बोलले जात नाही. आपत्तीनंतर गावातल्या मजुराला, गवंड्याला, सुताराला कामाची सर्वांत जास्त गरज असते. बाहेरच्या पथकाने फुकट घरे बांधून दिली तर त्यांची रोजी जाते. म्हणून गवंडीकाम गावच्या मिस्त्रीलाच द्यावे, त्याची मजुरी द्यावी, आणि आपण त्याच्या हाताखाली राहावे. पथकाने गावात भाजी, किराणा, सिमेंट, टिनपत्रे तिथल्याच दुकानातून घ्यावीत. बुडालेला दुकानदार उभा राहिला की त्याच्यामागे गाव उभे राहते.

आपल्याकडे काय आहे, काय हवे

१७ जानेवारी १९९५ ला जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला. पहिल्या वर्षभरात तेरा लाखांहून अधिक स्वयंसेवक तिथे गेले. जपानी लोक त्या वर्षाला स्वयंसेवेचे पहिले वर्ष म्हणतात. सुरुवातीला तिथेही गोंधळ उडाला. त्यातून त्यांनी घडी बसवली. आपत्ती आली की त्या गावात स्वयंसेवक केंद्र उघडते. लोकांनी आपली गरज तिथे सांगायची, आलेल्या माणसाने नाव नोंदवायचे, विमा काढायचा. रोज सकाळी कोणत्या घरी किती माणसे, कोणती हत्यारे, हे ठरते आणि संध्याकाळी काम किती झाले ते लिहिले जाते.

आपल्याकडे यासाठी लागणारे बरेच काही आधीच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक असतो. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये पूरप्रवण जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि पुढे देशात एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) अनेक महाविद्यालयांत आहे. तिच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे असते. गुरुदेव सेवा मंडळ विदर्भाच्या गावोगाव आहे. तुटते ते मधले सांधे. रासेयोचे शिबिर हिवाळ्यात ठरलेल्या दत्तक गावी होते आणि पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. यातली निम्मी शिबिरे तरी पूर ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बुडालेल्या गावात भरवली तर चिखल नाही पण भिंती, बांध, खरडलेली वावरे यांना हात लागतील.

पैशाचाही विचार स्पष्ट करायला हवा. पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषानुसार सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. या रकमेत विटा, सिमेंट, टिनपत्रे आणि मिस्त्रीची मजुरी बसवणे फार अवघड. म्हणून पहिल्या पंधरवड्यात पैसे पाठवणे हेच बहुतेकदा जास्त उपयोगी. कुटुंब आपली गरज स्वतः ओळखते. त्यानंतर, जेव्हा साहित्य आलेले असते पण उचलायला माणूस नसतो, विधवेच्या घरी, म्हाताऱ्या जोडप्याकडे, जमीन नसलेल्या कुटुंबात, तेव्हा आठ-दहा जणांचे शिस्तीचे पथक खरोखर कामाचे ठरते. पथकात बायका असल्याच पाहिजेत. छावणीतल्या बाईला सॅनिटरी पॅड हवे, आंघोळीला आडोसा हवा, हे ती अनोळखी पुरुषाला सांगणार नाही.

बोरी अरबसारख्या गावाला एवढेच सांगणे

दर पावसाळ्याआधी गावाने आठ-दहा जणांची नावे लिहून ठेवावीत. त्यात एक मिस्त्री असावा, एक वायरमन, एक आशाताई किंवा आरोग्याचे काम जाणणारी बाई, दोन पोहणारे आणि बाकी कष्टाला न कंटाळणारी पोरे. फावडी, घमेली, गमबूट, ताडपत्री यांचा एक संच ग्रामपंचायतीत ठेवावा. तो आधी आपल्याच अडाणेच्या पुरात उपयोगी पडेल. बाहेर आपत्ती आली तर पहिल्या आठवड्यात पैसे पाठवावेत, तिथल्या सरपंचाचा किंवा एखाद्या शिक्षकाचा फोन नंबर घ्यावा आणि विचारावे: काय हवे, कधी येऊ, किती जण येऊ, कोणाच्या हाताखाली काम करू. उत्तर आले की आपला शिधा आणि अंथरूण बरोबर घेऊन निघावे. परत आल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा एक फोन करावा, आणि गरज असेल तर पुन्हा जावे.

सगळ्या आढाव्यातून माझा निष्कर्ष साधा आहे. जे लोक लगेच गेले त्यांनी माणसे बाहेर काढली आणि प्रेतांना अग्नी दिला, त्यांना नमस्कार. पण गावे उभी केली ती उशिरा जाणाऱ्यांनी, गावाला विचारून काम करणाऱ्यांनी आणि जास्त दिवस राहणाऱ्यांनी. हराळीची शाळा आणि नळदुर्गचे ‘आपलं घर’ १९९३ च्या भूकंपानंतर सुरू झाले. ते काम तीन दशकांनंतरही चालू आहे.